डाव्या अंगाचं पान

एवारिस्तो लुगोच्या सिगारी त्याची बायको ओनेलिया वळते, ही गोष्ट हॉलमधल्या एकशे वीस माणसांना माहीत होती आणि एकशे वीस माणसं तोंडाला कुलूप लावून बसली होती. माहीत नव्हतं ते फक्त वरच्या मजल्यावरच्या ऑफिसला आणि गळ्यात कॅमेरे अडकवून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना. ऑफिसला खरंच माहीत नव्हतं की माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते देव जाणे.

हवानातल्या सेर्रो भागातला तो जुना कारखाना. शाळेत असतात तशी एकामागे एक बाकं, समोर चौथऱ्यावर पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारी ग्रिसेल्दा, आणि तिच्या मागच्या भिंतीवर एवारिस्तोचा हा एवढा थोरला फोटो. डोक्यावर हॅट, दातांत सिगार, डोळ्यांत मिस्कील हसू. खाली लिहिलेलं, ‘उस्ताद’. त्या फोटोच्या डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर आलंय. ते ओनेलियाचं. फोटोवाल्याने तिला म्हटलं होतं, "बाई, जरा सरकून बसा," आणि ती सरकली होती, पण पुरेशी नाही.

पहिल्या रांगेतलं पहिलं बाक त्या दोघांचं. भिंतीकडे तो, त्याच्या शेजारी ती. येणारा पाहुणा आधी त्याच्यापाशीच थांबायचा. एवारिस्तोला बोलायला फार छान यायचं. तो पेटलेली सिगार हवेत फिरवत गोष्टी सांगायचा, बायाबापड्यांना डोळा मारायचा, तयार सिगार कानाशी धरून बोटांत फिरवून दाखवायचा. कोणीतरी एखादा लाजत लाजत विचारायचाच, की पूर्वी म्हणे सिगारी तरुण पोरींच्या मांडीवर वळायचे, ते खरं का? मग रंग निवडायच्या टेबलावरून तोमासा ओरडायची, "माझ्या मांडीवर वळायला घ्या! सिगार नाही, बोटीची डोलकाठी होईल!" सगळा हॉल खदखदायचा, पाहुणे फोटो काढायचे आणि या सगळ्या गोंधळात शेजारच्या बाकावर कोणाचं लक्ष जायचं नाही. तिथे ओनेलिया मान खाली घालून दोघांचं काम करत असायची.

मूळची ती वळणारी नव्हे. पंधराव्या वर्षी ती पानं सोलायच्या खोलीत लागली, सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातली दहा तिथेच गेली. तिथे सगळ्या बायकाच. दमट पान गुडघ्यावर पसरायचं, देठाशी चिमटीत धरायचं आणि मधली शीर एका झटक्यात ओढून काढायची. नखं कायमची काळी. भूक लागली की पोरी पानाचा तुकडा चावत बसायच्या, आणि ओनेलियाला त्यातूनच पान कळायला लागलं. झाडाच्या खालचं पान नुसतं जळायच्या कामाचं, त्याला चव अशी नसते. मधल्या पानाला वास असतो. वरचं पान सगळं ऊन पिऊन बसलेलं, जाड, कडवट, घशाच्या मागे जाऊन टोचणारं. चव घेणारे साहेब तीन झुरके मारून, मधे बिनसाखरेचा चहा पिऊन कागदावर जे लिहायचे, ते ही पोरगी जिभेच्या टोकावरून सांगायची.

पासष्ट साली एवारिस्तोने तिला त्या खोलीतून उचलून हॉलमध्ये आपल्या शेजारी आणून बसवलं. क्रांतीनंतर बायकांना वळायच्या बाकावर बसवायचं असं वरून ठरलं होतं, पण ठरवणारे वर होते आणि बाकांवर पुरुष होते. आमच्याकडे प्रत्येक वळणाऱ्याच्या हाताशी चावेता असतो, पान कापायचं अर्धचंद्रासारखं पातं. एखादी गोष्ट पसंत पडली की तो पाटावर ठकठक वाजवायचा, नापसंत झाली की जमिनीवर टाकायचा. त्या दिवशी ओनेलिया आत आली आणि साठ-सत्तर चावेते एकदम फरशीवर आदळले. एवारिस्तोने, सुटीत चोरून शिकताना तिने वळलेली सिगारींची पहिली जुडी उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "ज्याला हिच्याहून चांगली वळता येते त्याने आपला चावेता उचलावा. बाकीच्यांनी तसेच बसा!" कोणी उचलला नाही. संध्याकाळी सगळ्यांनाच वाकावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं. त्या एका वाक्यावर ती बाई तीस वर्षं जगली. काही बायकांना तेवढंही मिळत नाही, पण म्हणून ते पुरेसं होतं असं नाही.

उस्ताद तो होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. सिगारच्या पोटातली पानं पुस्तकासारखी मिटायची नाहीत, एकेक पन्हळीसारखं दुमडून शेजारी शेजारी लावायचं, म्हणजे झुरका मोकळा येतो, हे त्याने तिला शिकवलं. पानांची टोकं सगळी पेटवायच्या बाजूला, कारण गोडवा टोकात असतो, हेही त्याचंच. पण झाडाच्या वरचं कडक पान पेटत्या टोकापासून नाही, दोन बोटं आत सुरू करायचं, हे तिचं. म्हणजे आधी मवाळ धूर येतो, देवदाराच्या लाकडाचा, जरा मलईदार. ओढणारा निवांत होतो, आणि मग मधे कुठेतरी ते कडक पान पेट घेतं आणि तोंडात भाजलेल्या कोकोचा, मिऱ्याचा वास एकदम उभा राहतो. आधी एवारिस्तो हसला होता, "बाईचं डोकं! सिगार आहे की कादंबरी?" मग एक ओढून पाहिली, पार संपेपर्यंत. नंतर तो स्वतःही तशीच वळायला लागला. मग एका परदेशी मासिकात छापून आलं की लुगोच्या सिगारचा मधला भाग म्हणजे जगात तोड नाही. तो अंक त्याने चुलत्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. ओनेलियालाही दाखवला.

एकोणनव्वद साली त्याच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटला. सिगारचं डोकं बंद करायला पानाची नखाएवढी टोपी कापून डिंकाने बसवायची असते, ती तीनदा फाटली. चौथं पान ओनेलियाने त्याच्या हातातून घेतलं आणि बसवून दिलं. मागच्या रांगेतल्यांनी पाहिलं आणि माना खाली घातल्या. "नवीन वर्षापर्यंत," तो पुटपुटला. "डॉक्टर म्हणालाय, थकव्याने होतंय."

नवीन वर्षं आठ आली आणि आठ गेली.

यात एक अडचण होती, ती धंद्याबाहेरच्या माणसाच्या लक्षात यायची नाही. सिगारवर गुंडाळायच्या पानाची मधली शीर काढली की दोन अर्धी पानं होतात, डाव्या अंगाचं आणि उजव्या अंगाचं. बारीक शिरा दोन्हीच्या उलट दिशांना धावतात, म्हणून डावं पान एका बाजूने गुंडाळायचं आणि उजवं दुसऱ्या. चुकलं की शिरा फुगून वर येतात आणि सिगार एका कुशीने जळत जाते. आमच्या हॉलमध्ये ज्याला जे अंग बसलं तेच तो जन्मभर वळायचा, आणि पेटीत सगळ्या एकाच अंगाच्या भरायच्या, म्हणजे वरच्या तिरक्या रेघा एका बाजूला झुकलेल्या दिसतात. एवारिस्तो उजव्या अंगाचा. ओनेलिया डाव्या. त्याच्यासाठी ती पन्नाशीजवळ उजवं वळण शिकली. दुपारी जेवायच्या सुटीत, वाया गेलेल्या पानांवर, दोन महिने. रोज सकाळी पानांच्या खिडकीवर जाऊन ती दोन गठ्ठे आणायची. डावी पानं तिची, उजवी त्याची, आणि हात दोन्हीकडे तिचेच.

दिवसाच्या शेवटी प्रत्येक वळणाऱ्याला आपल्या हातच्या तीन सिगारी ओढायला घरी नेता येतात. ओनेलियाच्या तीनही एवारिस्तोच ओढायचा. "मला चव बघावी लागते," असं म्हणायचा. ती स्वयंपाकघरात उरल्यासुरल्या तुकड्यांची काहीतरी चिरूट वळून घ्यायची, भात होईपर्यंत पुरेल एवढी.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मॅनेजर बेर्मुदेस वरून खाली आला आणि त्याने सांगितलं की उस्तादांच्या नावाची खास पेटी काढायची ठरलीय. दोनशे पेट्या, एकेकीत दहा. स्पेनहून खरेदीदार येणार, हॉलमध्ये समारंभ होणार. प्रत्येक पेटीत एक छापील कागद असेल, ‘उस्ताद एवारिस्तो लुगो यांनी स्वतःच्या हातांनी वळलेल्या’. हॉलने चावेते वाजवले. ओनेलियाने पदराखाली झाकावे तसे आपले हात टेबलाखाली घेतले.

ती जानेवारीत काम सोडणार होती. मनगटं दुखायला लागली होती, निवृत्तीचं वय उलटून दोन वर्षं झाली होती आणि ती फक्त त्याच्यासाठी थांबली होती. संध्याकाळी काळे घेवडे शिजत असताना तिने विषय काढला.

"कागदावर दोन नावं घालायला सांग."

"कागद छापायला गेलाय."

"गेलाय. आला नाहीये अजून."

"मग बेर्मुदेसला काय सांगू? आठ वर्षं तुमच्या डोळ्यांत धूळ फेकतोय?"

"आठ वर्षं काढूच नकोस. एवढंच सांग, की या दोन हजार आम्ही दोघांनी मिळून वळल्या. हे तर खोटं नाही ना?" तिने झाकण ठेवलं. "एवारिस्तो, मला दुसरं काही नको. मी जानेवारीत घरी बसणार. कुठेतरी एकदा माझं नाव येऊ दे."

तो उठून तिच्याजवळ आला, तिचं मनगट हातात घेतलं. त्याचा हात थरथरत होता, आणि तिला वाटलं, त्याला भरून आलंय.

"समारंभात सांगतो," तो म्हणाला. "सगळ्या हॉलसमोर. कागद कोण वाचतं, म्हातारे? कागद पेटीत राहतो. हॉलसमोर बोललेलं राहतं. तुला बाकावर आणून बसवलं तेव्हा मी कागद आणला होता का?"

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

तिने विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, पुढचे सहा आठवडे त्या विश्वासावर वळत राहिली. ऑगस्टची उकड, दिवसातून दोनदा वीज जायची, पंखे बंद, वाचणारी ग्रिसेल्दा घामाने भिजून खिडकीशी उभी राहून वाचायची, आणि ओनेलिया त्याच्या उजव्या पानांवर वाकलेली. पोटातली पानंही आता तीच लावायची, कारण एवारिस्तोला दिवसभर पाहुण्यांशी बोलायचं असायचं. तिच्या स्वतःच्या जुड्या साहजिकच कमी पडू लागल्या. पन्नास सिगारींच्या जुडीत तीस, कधी वीस.

एके दिवशी बेर्मुदेस तिच्या बाकापाशी येऊन उभा राहिला. हातात तिचा बाक-नंबर लावलेली अर्धवट जुडी.

"कॉम्रेड ओनेलिया, हे काय चाललंय?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "शेजारी पाहा जरा. तुमच्याहून मोठं वय, आणि एवढं काम करूनही बोटं थांबत नाहीत. उस्तादांची बायको म्हणवता, थोडं काहीतरी उचला त्यांच्याकडून!"

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. ओनेलियाने एवारिस्तोकडे पाहिलं. तिला भाषण नको होतं. ‘जाऊ द्या साहेब, तिची तब्येत बरी नाही’ एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. एवारिस्तो समोरचं पान उजेडाकडे धरून त्यातल्या शिरा पाहत होता. बेर्मुदेस निघून गेल्यावर त्याने पान खाली ठेवलं आणि म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. त्याला काय कळतंय."

तेव्हा तिने ठरवलं की त्याच्यावर विसंबून राहायचं नाही.

शेवटची जुडी बांधायची होती त्या दिवशी तिने आपल्या गठ्ठ्यातलं एक डावं पान घेतलं. चांगलं, एका रंगाचं, तेलकट चकाकीचं. पोटात पानं लावली, कडक पान दोन बोटं आत, आणि वरून डाव्या अंगाने गुंडाळली. आयुष्यात इतकी नीट सिगार तिने वळली नसेल. ती तिने एवारिस्तोच्या नंबराच्या जुडीत घातली, आणि जुडी स्वतः उचलून तोमासाच्या टेबलावर नेऊन ठेवली. सिगारींचे रंग लावून पेटीत भरायचं काम तोमासाचं. तिने जुडी सोडली, टेबलावर पसरली आणि एका क्षणात तिचं बोट त्या एकीवर येऊन थांबलं.

"ओने, ही इकडे कशी आली?"

"पहिल्या पेटीत भर. समारंभात उघडतील त्या."

"नऊ इकडे झुकलेल्या आणि एक तिकडे! आंधळ्यालाही दिसेल, बाई."

"दिसावीच म्हणून तर केलीय," ओनेलिया म्हणाली. "तो बोलला तर प्रश्नच नाही. नाही बोलला तर कोणीतरी विचारेल, ही कोणाच्या हातची?"

तोमासाने तिच्याकडे पाहिलं. तिने ती सिगार उचलली, पुसली आणि पेटीच्या बरोब्बर मधे ठेवली.

समारंभ शुक्रवारी दुपारी झाला. चौथऱ्यावर टेबल, टेबलावर पांढरं कापड, बेर्मुदेसच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, समोर चार स्पॅनिश खरेदीदार आणि कोणी कोणी. ग्रिसेल्दाने कागद वाचून दाखवला, ‘स्वतःच्या हातांनी’ या शब्दांवर जरा अडखळली, पण वाचला. मग पेटी उघडली. पहिल्या रांगेतून ओनेलियाला स्पष्ट दिसत होतं. नऊ रेघा एकीकडे, मधली एक दुसरीकडे. हॉलमध्ये कालपरवा लागलेल्यालाही ते दहा पावलांवरून कळलं असतं.

बेर्मुदेस वाकला, त्याने वास घेतला, डोळे मिटून मान हलवली. खरेदीदारांनी वास घेतला. त्यांच्यातला एक जाडा गृहस्थ चष्मा डोळ्यांवर चढवून पुढे झाला आणि त्याने नेमकी मधलीच उचलली. त्याने ती कानाशी फिरवली, उजेडात धरली, नखाने डोक्यावरची टोपी चाचपली.

"हात बघा, हात!" तो बाकीच्यांना म्हणाला. "लाखात ओळखू येतो. लुगोचा हात!"

आणि त्याने ती पुन्हा जागेवर ठेवली.

मग एवारिस्तो पुढे आला. त्याने पेटीत पाहिलं आणि त्याला दिसलं. दिसणारच. त्याने मान वर करून थेट ओनेलियाकडे पाहिलं, आणि तिने हलकेच मान हलवली. बोल आता. इतकी वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसांना एवढं पुरतं.

"उस्ताद, पहिली तुम्ही पेटवायची!" बेर्मुदेस म्हणाला.

एवारिस्तोने हात घातला आणि मधली उचलली. डोकं कापलं, काडी ओढली, तोंडाशी धरून सावकाश फिरवत चौफेर पेटवली. मग सिगार हवेत धरून बोलायला लागला, म्हणजे कंप कोणाला दिसायचा नाही. त्रेचाळीस वर्षं या हॉलमध्ये काढली, म्हणाला. बापाने पान ओळखायला शिकवलं, म्हणाला. हात हीच माझी कमाई, म्हणाला. शेवटी तो हसला आणि त्याने सिगारने पहिल्या रांगेकडे खूण केली.

"आणि ही माझी बायको, ओनेलिया. इथेच बसलीय. हिच्या हातची कॉफी प्यायल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही!"

लोक हसले. मग चावेते वाजले, एकशे वीस चावेते, पाटांवर, एका लयीत, भिंती हादरतील असे. ज्यांना माहीत होतं त्यांनीच वाजवले, दुसरं तिथे होतं कोण? वर्षानुवर्षांची सवय. आणि ओनेलियाने खाली पाहिलं तर तिचाही हात वाजवत होता. तिला स्वतःच्या हाताची लाज वाटली, तशी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. फक्त तोमासा आपल्या टेबलामागे हाताची घडी घालून उभी होती.

नंतर उरलेल्या नऊ सिगारी पाहुण्यांत वाटल्या गेल्या. एवारिस्तो येऊन तिच्या शेजारी बसला, तीच सिगार ओढत. धुराला देवदाराचा वास होता. मग दोन बोटं जळली आणि वास बदलला.

"छान ओढतेय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "सगळ्यांत छान."

"का जाळलीस?"

"घरी बोलू."

त्याने ती बोटं भाजेपर्यंत ओढली, राख टेबलाखाली पाडली आणि थोटूक कॉफीच्या कपात बुडवलं. घरी बोलणं झालं नाही. शनिवार-रविवार ओनेलिया त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. लोक भेटायला येत होते.

सोमवारी सकाळी ती पानांच्या खिडकीवर उभी राहिली.

"पन्नास डावी."

पानं वाटणाऱ्या निएवेसने गठ्ठा दिला आणि सवयीने दुसरा उचलला. "आणि उजवी?"

"ज्याची आहेत त्याला न्यायला सांग."

एवारिस्तो थोड्या वेळाने स्वतः गेला. गठ्ठा आणताना दोन पानं वाटेत पडली. "उगाच तमाशा करू नकोस," बसता बसता तो दातांत म्हणाला. ओनेलियाने पान पाटावर पसरलं, कड कापली आणि वळायला लागली.

पोटातली पानं त्याने अजूनही सुरेख लावली, ते तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. वरून गुंडाळायचं पान फाटलं. दुसरं फाटलं. तिसरं गुंडाळलं गेलं, पण डोक्यापाशी सुटलं. ग्रिसेल्दा वाचता वाचता थांबली, मग घाईघाईने पुढे वाचू लागली. दहाच्या सुमारास बेर्मुदेस दोन पाहुण्यांना घेऊन आला. एवारिस्तो म्हणाला, "आज पान कोरडं आलंय, साहेब." बेर्मुदेसने पान बोटांत धरलं. ते कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. त्याने पान पाहिलं, उस्तादांचा हात पाहिला, मग शेजारची जुडी पाहिली. "वर चला, कॉफी घेऊ," तो पाहुण्यांना म्हणाला.

दुपारपर्यंत एवारिस्तोच्या टेबलावर एक सिगार झाली होती. वाकडी, पोटाशी ठिगळ लावलेली, टोपी तिरकी. याच हातांनी एके काळी जुडी उंच धरली होती. तो पुन्हा डोकं बसवायला बसला, अंगठा पानावर नाचत होता, आणि तिला ते बघवेना. तिचा हात आपसूक त्याच्याकडे निघाला, अर्ध्यापर्यंत गेलाही.

एवारिस्तोने वर पाहिलं नाही. त्याने फक्त ते पान तिच्याकडे सरकवलं. रोजच्यासारखं, दोन बोटांनी, जणू उशीर तिनेच केला होता.

तिचा हात परत फिरला. ते पान दोघांच्या मधे सुटीपर्यंत तसंच पडून राहिलं आणि वाळलं.

सुटी झाली. माणसं आपापल्या तीन सिगारी घेऊन उठायला लागली. ओनेलियाने आपल्यातली एक घेतली, डोकं कापलं आणि बाकावर बसूनच पेटवली. तिच्या हातची पुरी सिगार, पहिल्या टोकापासून, ती पहिल्यांदाच ओढत होती. धूर मवाळ आला. दोन बोटं जळेपर्यंत तिने घाई केली नाही. मग कडक पान पेटलं, आणि कोको, मिरी आणि तो जिभेच्या मागे रेंगाळणारा कडवटपणा, सगळं जसं तिने मनात धरलं होतं तसंच आलं. खरंच चांगली होती. मासिकात लिहिलं होतं तेवढी चांगली होती. तिला त्याचाच जास्त राग आला.

शेजारून एक थरथरता तळवा पुढे आला.

"एक दे," एवारिस्तो म्हणाला. "सकाळपासून ओढलेली नाही."

"तुझी आहे की तुझ्या टेबलावर," ओनेलिया म्हणाली आणि तिने पुढचा झुरका घेतला.